बाबांचं परमिट

६ एप्रिल, रविवार. अकोला

स्विच बसले एकदाचे. हॉलचा लाईट, बाबांच्या खोलीतला पंखा, कूलर. भिंतीवर तापमान मोजणारी डबी, टेबलावर बोलका स्पीकर. निनादनं पुण्याहून सगळं पाठवलं, वायरमनला व्हिडिओ कॉलवर समजावलं, आणि 'आई, आता आजोबांची काळजी सोड' म्हणून मोकळा झाला. पोराला काय जातं बोलायला.

मागचा मे महिना डोळ्यांसमोरून जात नाही. बाबा भर दुपारी कूलर बंद करून पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. समोरचे सलीमभाई, कूलर दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, पेपर मागायला आले म्हणून कळलं. तीन दिवस सलाईन. कूलर कावून बंद केला होता? तर, "साऱ्या गल्लीनं एकदम लावला तं डीपीवर लोड येते." छत्तीस वर्षं लाईनमन होते. रिटायर होऊन एकवीस वर्षं झाली, वय एकोणऐंशी, तरी गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची काळजी ह्यांनाच.

वायरमननं कूलरची पिन कापून वायर थेट नव्या स्विचला जोडली. बाबा तिथंच उभे. "पिन कावून काढली? हातानं उपसता आली पाह्यजे." मी म्हटलं, आता मोबाईलवर आहे ना बाबा.

८ एप्रिल. अमरावती

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत नियम लिहायला बसली. निनादनं मोबाईलमध्ये एआयचं चॅट घालून दिलं आहे, स्पीकरमधून बोलतो तोही हाच. साध्या मराठीत लिहायचं, तो समजून घेतो. लिहिलं, अकोल्याच्या हॉलमध्ये ४० च्या वर गेलं की कूलर आपोआप लाव.

'हो' म्हणायचं सोडून त्यानं प्रश्नच सुरू केले. कूलर लोखंडी आहे का? पाणी कोण भरतं? भरताना टाकीत हात जातो का? मग सल्ला: "आपोआप बंद करायला हरकत नाही. सुरू करण्याआधी मात्र घरातल्या माणसाला विचारलेलं बरं. त्या वेळी कोणाचा हात टाकीत असेल, ते मला दिसत नाही."

वैताग आला. घरातल्या माणसाला विचारायचं असतं तर तुला कशाला आणलं? तो माणूस 'नाही'च म्हणणार, हाच तर सगळा घोळ आहे. लिहिलं, विचारत बसू नकोस, थेट लाव. त्यानं धोका पुन्हा एकदा सांगितला आणि विचारलं, "हा नियम बाबांना माहीत आहे ना?"

हो, असं लिहिलं मी.

बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर स्विचच उपटून ठेवतील. आणि मला काय शिकवतो हा? नांदगाव पेठेच्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या शिलाईतल्या चुका काढते मी. सुटलेला टाका दहा फुटांवरून दिसतो मला.

१३ एप्रिल, रविवार. अकोला

बाबांची आणि त्या चॅटची गट्टी जमली! त्याला 'आपरेटर' म्हणतात. सबस्टेशनवर बसून लाईन चालू-बंद करतो तो. खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसायचं आणि, "आपरेटर साहेब, कूलर बंद करा जी." तो म्हणतो, "कूलर बंद केला आहे, बाबा." हे म्हणतात, "मेहेरबानी." मग माझ्याकडे वळून, "आमच्या आपरेटरपेक्षा बरा हाय. हा उलटून बोलत नाही." मीही आता इथं 'ऑप.'च लिहिणार.

पाणी भरायचं त्यांचं ठरलेलं. जेवणाच्या आधी, पावणेएकच्या सुमारास. पहिले अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, माती ओली असली की गळका करंट जमिनीत जातो म्हणून, हे मी लहानपणापासून बघते. मग ऑप.ला कूलर बंद करायला सांगायचं. त्यानं 'केला' म्हटलं की पाईप टाकीत, आणि हात घालून पंपाच्या जाळीतला कचरा काढायचा.

जेवताना पुन्हा परमिटची गोष्ट. शंभरदा ऐकली असेल. खांबावर चढायच्या आधी ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं. त्यानं लाईन बंद केली, कागद हातात दिला, की तोच लाईनमन खाली उतरून तो कागद वापस करत नाही तोवर लाईन चार्ज म्हणजे चालू करायची नाही. मोठ्या साहेबाचा फोन आला तरी नाही. "त्या कागदात माहा जीव राहे, माय." मी वरण वाढत हो हो करत होती.

१९ एप्रिल. अमरावती

सकाळी सकाळी बाबांचा फोन. काल दुपारी बंद केलेला कूलर आपोआप सुरू झाला. नशीब, ते पलंगावर होते.

"म्या बंद केला. आपरेटरनं सांगतलं बंद झाला मनून. मंग चालू कोनं केला?"

मी म्हटलं, लाईट गेली-आली असेल.

"लाईट गेलीच नाही."

लाईनमनला लाईटीचं खोटं सांगायला निघाली मी! मग म्हणाले, "आपरेटरलेच इचारू का?" मी घाईघाईनं म्हटलं, नका, त्याला काय कळतं, मशीनमध्ये बिघाड होता, निनादनं दुरुस्त केला, आता नाही होणार. "बरं," म्हणाले. पोरीनं सांगितलं म्हणजे झालं त्यांचं.

नियम काढला नाही. ४० चा ४२ केला. कसंतरीच वाटून राहिलं दिवसभर. पण काढायला जावं तर मागचा मे आठवतो.

२४ एप्रिल. अकोला, दवाखाना

१२.५२ ला मोबाईलवर आलं: तापमान ४२, कूलर सुरू केला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे लिहून ठेवते. डबा उघडला. १२.५८ ला सलीमभाईंचा फोन.

"ताई, घबराना नहीं. काकाले करंट लागला. मी मेन पाडला. होश में है, बात कर रहे."

रिक्षा, स्टँड, बस. रस्त्यात काय दिसलं काही आठवत नाही.

हात टाकीत होता. पंपाची वायर आतून सोललेली. भिंतीवर फेकले गेले. उजवं मनगट मोडलं. हृदय ठीक आहे म्हणतात, उद्या सोडतील. पायात रबरी चप्पल होती आणि अर्थिंगचा खड्डा नुकताच ओला केला होता म्हणून. नाहीतर

२५ एप्रिल. अकोला

घरी आणलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगून राहिले, "माहीच चुकी. बंद कराचं इसरलो."

सलीमभाई म्हणाले, "काका, आप और भूलेंगे? तुमी तं माह्या दुकानात बी पिन काढल्याबिगर मले पेचकस लावू देत नाही."

"आता नाही राह्यलं ते. डोस्कं गेलं माहं."

सकाळपासून स्पीकरकडे पाठ करून बसले आहेत. ऑप.ला एक अक्षर विचारलं नाही. विचारायची भीती वाटते, दिसतंय मला. चहा पिऊन झाल्यावर 'मी चहा घेतला का' म्हणून मलाच विचारलं. हे आजवर कधी नव्हतं.

दुपारी जवळ बोलावलं. "माय, मले घेऊन चाल अमरावतीले. एकट्यानं राह्याच्या लायकीचा नाही राह्यलो मी."

तीन वर्षांपासून हेच वदवून घ्यायला भांडते आहे मी त्यांच्याशी. पुढची खोली रंगवून ठेवली, पलंग घेतला. आज त्यांनी आपणहून म्हटलं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि ओढणी तोंडात धरून रडली.

सांगितलं नाही.

२६ एप्रिल. अकोला

बाबा झोपल्यावर ऑप.ला लिहिलं, परवा काय झालं, नीट सांग.

"१२.४० ला बाबांनी कूलर बंद करायला सांगितला. मी बंद केला आणि तसं सांगितलं. १२.५२ ला तुमच्या नियमानं तो सुरू झाला. बाबांची चूक नव्हती. बंद करताना, हा कूलर आपोआप सुरू होऊ शकतो, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही."

चार ओळी. मशीननं आपली चूक कबूल केली आणि मी, दोन दिवस झाले, लोकांना चहा वाटून राहिली.

विचारलं, ही नोंद पुसता येते का? येते म्हणाला. "पण बाबांनी मला विचारलं, तर जे झालं तेच मी सांगेन."

पुसली नाही. पण बोट गेलं होतं तिथवर. त्यांना अमरावतीला नेलं की सगळंच सोपं. कूलर माझा, स्विच माझा, बाबा माझ्या नजरेखाली. फक्त त्यांनी मरेपर्यंत स्वतःला विसरभोळा समजायचं. एवढंच. शी.

२७ एप्रिल, रविवार. अकोला

सांगितलं.

घोकून ठेवलेलं वाक्य ऐन वेळी विसरली. चहा हातात देता देता म्हटलं, बाबा, तुम्ही बंद केला होता. चालू मी केला. अमरावतीहून. मग नियम, ४०, ४२, बिघाडाचं खोटं, सगळं एका दमात.

त्यांनी कप खाली ठेवला. "मंजे म्या बंद केला होता?"

हो.

"पक्कं?"

ऑप.ची नोंद वाचून दाखवली. अजून एकदा वाच म्हणाले. मग चष्मा मागितला आणि डाव्या हातात मोबाईल धरून स्वतः वाचली, बारा चाळीस, बारा चाळीस, असं पुटपुटत. चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, संपलं. मग माझ्याकडे बघितलं.

"परमिट माह्याजवळ होतं. म्या वापस केलं नोतं. आन् तुनं लाईन चार्ज केली."

मी म्हटलं, बाबा, मला काय माहीत तुमचा हात टाकीत

"माहीत नसते मनूनच परमिट असते वं!"

समोरच्या दुकानातली ठोकठाक थांबली. सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार. बाबा माझ्यावर असे ओरडलेले मला आठवतच नाहीत. बावन्न वर्षांची बाई मी, पाचवीतल्या पोरीसारखी खाली मान घालून उभी.

चष्मा काढत म्हणाले, "असं करनाऱ्याले आमच्याइथं सस्पेंड करत. तू आठ दिवस सस्पेंड. मोबाईलवरून माह्या घरातल्या दिव्याले बी हात लावाचा नाही." ऑप.लाही बजावलं, तारखेसकट.

आणि अमरावती?

"कायची अमरावती? डोस्कं जागेवर हाय माहं."

रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला वाढायला मात्र नको म्हणाले, डाव्या हातानं स्वतः घेतलं.

३० एप्रिल. अमरावती

मोबाईल म्हणतो, अकोला आज ४४. राहवलं नाही. ऑप.ला लिहिलं, दोन तास कूलर लाव, बाबांना सांगू नकोस.

"पाच तारखेपर्यंत तुमच्या सांगण्यावरून काही लावायचं नाही, असं बाबांनी सांगितलं आहे. त्यांच्यापासून लपवून मी लावणार नाही. त्यांना विचारू का?"

नको, लिहिलं. मग लिहिलं, विचार.

"बाबा म्हणाले, कूलर चालूच हाय, तिले मना कामाकडे ध्यान दे."

हसू आलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काही बोलले, तेही ह्याच्या तोंडून.

१ मे. अकोला

सुट्टी. नियम नव्यानं लिहायची बैठक. बाबा, सलीमभाई, स्पीकरमध्ये ऑप. मी तोंड उघडलं तर, "सस्पेंड मानसाले बसता येते, बोलता येत नाही." सलीमभाई फिदीफिदी हसत होते.

बाबांनी सांगितलं, ऑप.नं लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. आपोआप चालू करायचा नियम रद्द. ४२ च्या वर गेलं तर ऑप. बाबांना फक्त विचारणार, लावू का. बाबांनी बंद केला तर बाबांच्याच तोंडून चालू होणार. निनाद, मी, कोणीही असो, ऑप. आधी बाबांना विचारणार.

सलीमभाईंना खोडी सुचली. ओट्यावर जाऊन बाबांसारखा खरखरीत आवाज काढला, "आपरेटर साहेब, कूलर लावा जी!" लागला की हो! बाबा खवळले. "हे काय, कोनाच्याबी आवाजाले भुलते?" ऑप. म्हणाला, आवाजावरून माणूस ओळखण्याची खात्री मी देऊ शकत नाही, एखादा परवलीचा शब्द ठरवा. ठरवला. मला बाहेर पाठवून ठरवला. काय असेल? पहिल्यांदा चढले त्या खांबाचा नंबर असेल, मला वाटतं. विचारलं तर सांगत नाहीत.

सलीमभाईंनी पंप बदलून दिला. कूलरच्या बाजूला हातानं पाडायचा खटका, आणि करंट गळाला की स्वतःच पडणारा स्विच, दोन्ही पंधरा तारखेला बसवतील. "सीझन है ताई, दुकानात माल नाही, नागपूरहून बोलावला." तोवर पाणी सलीमभाई भरणार, मनगटाचं प्लास्टर निघेपर्यंत बाबांनी टाकीजवळ जायचं नाही. बाबा 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'वर माझा भरवसा नाही.

शेवटी मी बोललीच. उत्तर आलं नाही तर? दहा मिनिटं वाट बघून लावू दे की त्याला.

"नाही. उत्तर नाही मंजे परमिट वापस नाही. खांबावरचा मानूस बोलत नाही, तवाच लाईनले हात लावाचा नसते."

आणि तुम्ही मागच्या मेसारखे पडलेले असाल तर?

सलीमभाई पेचकस फिरवत बसले. मग ऑप. म्हणाला, "उत्तर आलं नाही तर मी कूलर लावणार नाही. पण ताईंना आणि सलीमभाईंना लगेच कळवेन."

"हे बरोबर," बाबा म्हणाले. मला बरोबर वाटलं नाही. पण माझं बरोबर काय असतं, ते बाबांच्या मनगटावर दिसतच होतं.

५ मे. अमरावती

संध्याकाळी फोन. "ड्युटीवर हजर व्हा." बस एवढंच, आणि ठेवला. मी कारखान्यातून घरी येईपर्यंत हसत होती.

७ मे. अमरावती

दुपारी ऑप.: बाबांचं उत्तर नाही. जीव गेला माझा. सलीमभाई धावले. बाबा अंगणात, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून राहिले. हे कळायला वीस मिनिटं लागली. उलट मलाच, "एवढ्यात घाबरली? तुही माय तं चार-चार घंटे वाट पाहे. पावसात लाईन पडली का मी घरी कवा येईन, कोनाले ठाव नसे. ना फोन, ना काही."

आईनं हे कसं केलं, कधी विचारलंच नाही मी तिला.

११ मे, रविवार. बसमध्ये

बाराच्या बसनं निघाली. खिडकीतून झळा. मूर्तिजापूर आलं.

१.१०. ऑप.: "हॉल ४३. कूलर बंद आहे. बाबांना विचारलं, उत्तर नाही. तुम्हाला आणि सलीमभाईंना कळवत आहे."

फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा. सलीमभाई बाळापुरात, लग्नात. "निकलता हूं ताई, अर्धा घंटा." अर्धी गल्ली त्याच लग्नाला गेली आहे. शेजारच्यांचा फोन लागत नाही.

पाणी आज कोण भरणार होतं? कोणी नाही. म्हणजे बाबाच. डाव्या हातानं.

नाहीतर अंगणात असतील, त्या दिवशीसारखे. नाहीतर

१.१८. विचारलं, बंद कधी केला? "१२.५१ ला, बाबांनी." आवाज कसा होता? "मला त्यावरून काही सांगता येणार नाही, ताई."

१.२२. हॉल ४४. खातं माझ्या नावावर आहे. नियम मी बदलू शकते, एक बटन. ऑप.ला विचारलं तर त्यानं लपवलं नाही. "बदलता येईल. कोणाचा हात टाकीत आहे की नाही, हे मला आजही दिसत नाही."

१.२६. ते पान उघडून बसली आहे. रडू येऊन राहिलं. शेजारची बाई पाण्याची बाटली पुढे करते आहे. पडले असतील तर दर मिनिटाला मी त्यांना मारते आहे. हात टाकीत असेल तर ह्या एका बटनानं. सलीमभाईंचा फोन, रस्त्यात आहेत.

१.३१. पान बंद केलं. परमिट त्यांच्याजवळ आहे. देवा, त्यांना फक्त अंगणात असू दे.

ऑप.ला लिहिलं, विचारत राहा.

१.३५. बोरगाव गेलं. तो विचारून राहिला.